मातीला चाललोय, साहेब

अण्णाराव गेल्याची बातमी आली तेव्हा अण्णाराव ओसरीवर बसून दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. बायको शांतम्मा सकाळीच चिटगुप्प्याच्या बाजाराला गेलेली, त्यामुळं चहा स्वतःच्या हातचा प्यावा लागला होता आणि तो पांचट झाला होता. एखाद्याचा दिवस नासायला एवढं पुरतं. त्या दिवशी मात्र एवढ्यावर भागणार नव्हतं.

समोर खांबाला अडकवलेला आरसा मोटरसायकलचा होता. प्रशांतकुमारनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, नवी गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तिचे दोन्ही आरसे काढून घरी आणून टाकले. मागं काय बघायचंय, म्हणाला. पुढं बघण्यातही त्याचा फार वेळ जात नव्हता, हे अण्णारावांना नंतर कळलं. पोरगा कलबुर्गीत खोली करून राहायचा आणि कडगंचीच्या युनिव्हर्सिटीत हापिसात कामाला होता. जाता-येता गाडी अशी हाणायचा की एक दिवस कॅमेऱ्यात सापडला. गाडी अण्णारावांच्या नावावर, म्हणून दंडाचा मेसेज अण्णारावांच्या मोबाईलवर. किराणा दुकानदारानं तो चार लोकांत मोठ्यानं वाचला, वर फोटोही सगळ्यांना दाखवला. टाकीवर पालथा पडलेला पोरगा आणि खाली वेगाचा आकडा.

अण्णारावांनी दुकानातूनच फोन लावला. रागाच्या भरात बोलू नये ते सगळं बोलले. शेवटी म्हणाले, त्या गाडीवर बसून माझ्या दारात यायचं नाही. पोरगा म्हणाला, बरं. तेव्हापासून तो आला नाही आणि बापाला त्यानं फोनही केला नाही. आईशी बोलायचा, तेही बाप शेतात असताना. श्रावण गेला, महानवमी गेली, दिवाळी गेली. अण्णाराव दिवसातून दहादा मोबाईल काढून बघायचे आणि वेळ बघितल्यासारखं करून परत खिशात घालायचे. आपणच फोन करावा असं मनात यायचं, पण बापानं का म्हणून करायचा, हा प्रश्न दरवेळी आडवा यायचा. पोरानं एकदा घरी यावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते कुणाजवळ बोलून दाखवण्यापेक्षा जीभ चावून घेणं त्यांना सोपं वाटायचं.

त्यात सरकारनं नियम आणखी कडक केले. गाडी जोरात चालवली तर दंड, पुन्हा सापडला तर मोठा दंड, त्यावरही सुधारला नाही तर लायसन तीन महिने बंद. मोठ्या फाट्यावर लिंबाच्या झाडाखाली पोलीस स्पीडगन लावून बसायला लागले आणि चहाच्या हॉटेलात लोकांना दुसरा विषय राहिला नाही. रस्त्यातले खड्डे कुणाला दिसत नाहीत, आमचा वेग बरा दिसतो. ट्रॅक्टरवाले बिनदिव्याचे फिरतात, त्यांना कुणी विचारत नाही. गाडीत एवढा दम कंपनीनं भरला आणि दंड आम्ही का भरायचा. अण्णाराव तिथं बसले की पोलिसांनाही शिव्या देत आणि गाड्या पळवणाऱ्या पोरांनाही. दोन्हीकडं सारखंच चिडता येणं ही त्यांच्याकडं उपजत कला होती.

पण आमच्या भागातले लोक नियमाला नुसत्या शिव्या देऊन थांबत नाहीत, वाट काढतात. इथं कुणी वारलं की पुरायच्या आधी पोचावंच लागतं. त्यालाच मातीला जाणं म्हणतात. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, तर ते मनाला लागून राहतं आणि नातेवाईक तर आणखी वीस वर्षं बोलून दाखवतात. पोलीसही इथलेच, त्यांच्याही घरी हीच रीत. कुण्या हुशार माणसानं हे हेरलं. पोलिसानं हात केला की तोंड पाडायचं आणि म्हणायचं, मातीला चाललोय, साहेब. साहेब हळहळायचे आणि सोडून द्यायचे. त्या महिन्यात तालुक्यात जेवढे मामे, काके आणि आज्या गेल्या, तेवढ्या साथीच्या रोगातही गेल्या नसतील.

दुसरी रीत याहून चमत्कारिक. ज्या घरात मयत झालंय त्या घरी फोन करून कुणी खात्री करत नाही. गेले का हो, असं विचारणार कसं? ऐकलं की निघायचं.

तर अण्णाराव दुसऱ्या गालाला पातं लावणार, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बाईच्या रडण्याचा आवाज आला. आवाज ओळखीचा होता. त्यांची धाकटी बहीण निलम्मा. तिच्या पोराला, शिवशरणला, काही झालं की काय, म्हणून ते तसेच उठले. तोवर मोटरसायकल दारात आली. पुढं निलम्माच्या गावचा, श्रीमंत नावाचा अण्णारावांचा जुना दोस्त, डोक्याला टॉवेल बांधलेला. मागं निलम्मा, पदरात तोंड घालून.

"माज्या अण्णा, मला सांगून बी गेला न्हाईस रं," असं म्हणत ती पायऱ्या चढली आणि अण्णारावांच्याच खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मग तिला साबणाचा वास आला असावा. तिनं वर बघितलं आणि मटकन खाली बसली.

श्रीमंत गाडीवरून उतरायचाच विसरला. "तू जिता हायस?"

"न्हाई. मेलोय. दाढी करून जावं म्हणलो," अण्णाराव म्हणाले. "काय लावलाव हे सकाळच्या पारी?"

श्रीमंतला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण चेहऱ्यावर आला तो राग. "नव्वदनं आलोय मी तुज्यासाठी," तो म्हणाला. "फाट्यावर दोनदा दंड झाला. एकदा जाताना, एकदा निलाक्काला घेऊन येताना. दोस्ताच्या मातीला चाललोय म्हणून रडलो तिथं, पोलिसाच्या म्होरं, तर एका सकाळी दोनदा सापडलास म्हणून सोडलं न्हाई. अन् तू हितं गाल चोपडायलास."

"मग मरू का आता?"

"मेला असतास तर दंडाचं काय वाटलं नसतं," श्रीमंत अगदी मनापासून म्हणाला.

तोवर गल्लीत गाड्यांची रांग लागली. पलीकडच्या गावचे पाहुणे आले, मठाकडचे लोक आले, अण्णारावांच्या सासुरवाडीचे तिघे एकाच गाडीवर आले. एकानं फुलांचा हार आणला होता. तो त्यानं पाठीमागं लपवला आणि मग कुठं ठेवावा हे न सुचून खांबाला अडकवला. जो येई तो आधी रडे, मग थबके, मग अण्णारावांकडं असा बघे, जसं यांनी त्याला बोलावून फसवलंय. आणि दोन वाक्यांत गाडी दंडावर येई. भल्या सकाळी आलेल्यांना भीमण्णा नावाच्या हवालदारानं हळहळून सोडलं होतं. मग त्याचा साहेब जीप घेऊन आला आणि विचारलं, एका माणसाच्या मातीला एवढ्या गाड्या? आमदार होता का? त्यानंतर एकालाही सोडलं नाही. आता सुटलेले आणि सापडलेले एकमेकांना आपापली हकिगत सांगत ओसरीवर बसले होते आणि ज्यांच्यासाठी आले त्यांच्या हातून पाणी मागत होते.

अण्णारावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याच मयताला आलेल्यांना आपणच पाणी द्यायचं, हे त्यांनी आजवर ऐकलेलं नव्हतं.

"कुणी सांगितलं तुमाला मी मेलो म्हणून?"

"तुज्याच भाच्यानं," श्रीमंत म्हणाला. "मला फाट्यावर आडवलं हुतं पहिल्या खेपंला. माज्या म्होरं शिवशरण उभा. पोलिसाला सांगायला, मामा गेले, मातीला चाललोय. ह्या कानानं ऐकलो. तिथूनच समद्यास्नी फोन लावलो."

शिवशरण तोपर्यंत आला होताच. फाट्यावरून आपल्या मामाच्या गावाकडं एवढ्या गाड्या जाताना बघून त्याला आपण काय करून बसलो ते उमजलं होतं. गाडी लांब लावून तो भिंतीच्या कडेकडेनं आत आला. तिशीचा गडी, स्वतःचा टेंपो चालवायचा, पण त्या क्षणी शाळेतून हाकललेल्या पोरासारखा दिसत होता.

"मामा, दोनदा सापडलोय आधी," तो म्हणाला. "तिसऱ्या बारीला लायसन जातंय. लायसन गेलं तर टेंपो कोण चालवावा? म्हणून म्हणलो मामा गेले. त्यो भीमण्णा म्हणला, कोणते मामा, कोणतं गाव. पटदिशी तुमचंच नाव आलं तोंडात. मला दुसरा मामा हाय कुटं?"

निलम्मानं पायातली चप्पल काढली. दोन बसल्यावर लोकांनी तिला आवरलं. खोटं बोलायला निघालेल्या माणसाला नाव तरी खोटं सुचावं, पण एवढी अक्कल असती तर तो नव्वदनं गेलाच नसता.

अण्णाराव आता तोंड सोडणार होते. चांगल्या पाच-सहा शिव्या त्यांच्या जिभेवर येऊन थांबल्या होत्या. एवढ्यात श्रीमंत म्हणाला, "आता प्रशांतला फोन करून सांगावं लागंल. बिचारा निघाला बी असंल."

"प्रशांतला?"

"सांगितलो की मी. पयला फोन त्यालाच केलो. पोटचं पोरगं, त्याला कळवाया नगो?"

"काय म्हणला?"

"काय न्हाई म्हणला. निस्तं 'निघालो' म्हणला अन् फोन ठिवला."

ओसरीवरचा गलका एकदम थांबला नाही, पण अण्णारावांना तो ऐकू येईनासा झाला. पोरगा निघाला. इतके महिने ज्या शब्दाची वाट बघितली तो शब्द आला, आणि आला तो असा. क्षणभर त्यांना बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा. पोरगा येतोय. लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. रोज कामावर जाताना जो पोरगा गाडी तशी चालवतो, तो बाप मेल्यावर कशी चालवेल?

त्यांनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. आत जाऊन शांतम्माचा मोबाईल बघितला. ती तो चार्जिंगला लावून, आवाज बंद करून गेली होती आणि त्यावर प्रशांतचे मिस्डकॉलच मिस्डकॉल होते. अण्णारावांच्या मोबाईलवर एकही नव्हता. मेलेल्या बापाच्या नंबरवर कोण फोन करतं?

"गाडीवर असंल, म्हणून बंद ठिवला असंल," कुणीतरी समजूत घातली. ही समजूत घालण्याऐवजी त्यानं एक दगड डोक्यात घातला असता तरी चाललं असतं.

"त्या पोलिसाचा नंबर दे," अण्णाराव शिवशरणला म्हणाले. टेंपोवाल्यांकडं असले नंबर असतातच. लागला.

"भीमण्णा साहेब का? मी अण्णाराव बोलायलोय."

"कुठले अण्णाराव?"

"सकाळी मेलेले."

पलीकडं भीमण्णानं कुणाला तरी 'थांब जरा' म्हटलं.

"हे बगा साहेब," अण्णाराव घाईनं म्हणाले, "माजा पोरगा कलबुर्गीकडून येयलाय. काळी गाडी. त्याला सोडू नगा. दंड करा, गाडी ठिवून घ्या, काय बी करा, पर तिथं थांबवा."

"ओ यजमान," भीमण्णाचा आवाज सकाळपासून ओरडून बसला होता. तो कन्नड वळणाचं मराठी बोलत होता आणि कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला यजमान म्हणायचा. "सकाळधरनं सगळे मातीला चाललेत. आता मयतच फोन करायलंय. अन् ज्याचा बाप गेला त्या पोराला मी आडवू? लोक काय म्हणतील मला? माझी नोकरी घालवू नका." आणि फोन बंद.

पुन्हा लावला तर त्यानं उचललाच नाही. अण्णारावांनी कपाळावर हात मारून घेतला. जिवंत असल्याचं पटवून द्यायला माणसानं काय करावं, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नसतं.

"गाडी काढ," ते शिवशरणला म्हणाले.

निघाले ते तसेच, एका गालावर वाळलेला साबण घेऊन. गाव सुटलं, तुरीची रानं लागली. शिवशरण गाडी अशी चालवत होता, जशी टाकीवर दुधाची घागर ठेवलीय. दूध घालायला निघालेला एक म्हातारा कॅन खडखडवत त्यांच्या पुढं निघून गेला.

"हाण की जरा," अण्णाराव म्हणाले.

"चाळीसच्या वर न्हाई, मामा. लायसन जाईल."

"मला मारताना लायसनची काळजी न्हवती व्हय?"

"त्येच्याचसाठी तर मारलो, मामा."

अण्णारावांनी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. आयुष्यभर ते मागं बसले की 'हळू, हळू' करत आले होते. आज तोंडातून 'जोरात' शब्द निघत होता आणि त्याचीही त्यांना चीड येत होती. पोरगा हळू यावा म्हणून आपण जोरात जायचं, ही कुठली तऱ्हा. शिवशरणनं दुसरा गुद्दा बसायच्या आत गाडीची मूठ पिळली. फाटा दिसेपर्यंत त्यानं मग काही आकड्याकडं बघितलं नाही. झाडाखालून खाकी हात वर झाला.

"कुठं एवढ्या जोरात?" भीमण्णानं विचारलं.

"मातीला, साहेब," शिवशरणच्या तोंडून सवयीनं गेलं.

"कुणाच्या?"

शिवशरणनं मान वळवून मागं बघितलं. दुसरं काय सांगणार? "ह्यांच्या."

भीमण्णानं आधी अण्णारावांकडं बघितलं, मग शिवशरणकडं. सकाळचा चेहरा त्यानं ओळखला. टोपी काढून त्यानं डोक्यावरचा घाम पुसला आणि हात पुढं केला. "लायसन." शिवशरणनं मुकाट्यानं काढून दिलं. भीमण्णानं ते खिशात घातलं आणि पुढची काही वाक्यं कन्नडमध्ये बोलला. ती अण्णारावांना कळली, पण इथं लिहिण्यासारखी नाहीत.

"मी फोन केलो हुतो," अण्णाराव म्हणाले. "पोरगा गेला का ह्या रस्त्यानं?"

"मातीला चाललोय म्हणून किती गेले, कसं सांगू? माझा साहेब आल्यावर एकाला सोडलो नाही. आधीचं माहीत नाही." मग त्याला त्या अर्ध्या दाढीच्या तोंडावरची अवस्था दिसली असावी. त्यानं आपली खुर्ची पुढं सरकवली. "बसा. एवढ्यात येणार नाही कलबुर्गीहून. आला तर मी सोडत नाही."

अण्णाराव बसले नाहीत. रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. लांबून एखादी मोटरसायकल ठिपक्याएवढी दिसायची आणि ते एक पाऊल रस्त्यात यायचे. जवळ आली की दुसराच कुणी असायचा. हिरवा शर्ट. मागं बायको. मधे पोरगं. एकजण भरधाव आला आणि भीमण्णा दुसऱ्याशी बोलण्यात गुंतला असल्यानं तसाच निघून गेला.

"त्याला कामून सोडलाव?" अण्णाराव पोलिसावर खेकसले. कालपर्यंत ह्याच झाडाखालच्या ह्याच पोलिसांच्या नावानं ते हॉटेलात बोटं मोडत होते.

"यजमान, माझ्याकडं दोनच हात आहेत," भीमण्णा म्हणाला.

मग कलबुर्गीकडून एक गाडीवाला आला आणि हात न करता आपणच थांबला. "साहेब, मागं पुलाजवळ एकजण पडलाय," तो म्हणाला. "डंपरला घासून गेला म्हणायलेत. तरणा पोरगा हाय."

"गाडी कसली?" अण्णारावांनी विचारलं.

"काळी."

"शर्ट कसला हुता?"

"बघितलो न्हाई काका. गर्दी लई हुती."

अण्णारावांना आता खुर्ची लागली. शिवशरण त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि स्वतःच रडायला लागला. भीमण्णा फोनवर कुणाला तरी विचारत होता, मध्येच 'हं, हं' करत होता आणि अण्णारावांकडं बघायचं टाळत होता. अण्णारावांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी मेलो असतो तर बरं झालं असतं. खरंच मेलो असतो तर पोरगा निदान खऱ्या कारणासाठी पळाला असता. त्या गाडीला ते महिनोन्महिने शिव्या घालत आले होते, पण फोन उचलून 'ये रं बाबा' एवढं म्हणायला काय धाड भरली होती?

कलबुर्गीची बस आली तेव्हा त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही. बसकडं कशाला बघायचं? बॅरिकेडपाशी ती हळू झाली. आतून कुणीतरी ओरडलं आणि कंडक्टरची शिट्टी वाजली. बस पुरती थांबायच्या आधीच एकजण पायरीवरून खाली उतरला, अडखळला, आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

"अप्पा."

प्रशांतकुमार होता. डोळे सुजलेले, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. तो पुढं आला, बापाच्या दोन्ही दंडांना हात लावून बघितलं, चेहऱ्याला हात लावला, तर बोटांना वाळलेला साबण लागला. मग तो तिथंच मातीत उकिडवा बसला आणि डोकं गुडघ्यात घातलं.

अण्णारावांच्या तोंडून शब्द फुटला तो नेमका नको तोच. "गाडी कुटंय?"

"ठाण्यात," पोरगा गुडघ्यातूनच म्हणाला. "दुसऱ्यांदा रस्त्यावरच पोलिसानं धरलं, मग तिसऱ्यांदा. लायसन बंद केले तीन महिने. बसनंच जायलोय कामावर. तुमाला कोणत्या तोंडानं सांगू?"

"अन् फोन?"

"रात्री चार्ज केलो न्हवतो. अम्माला लावू लावू बॅटरी संपली." त्यानं डोकं वर केलं, आणि आता त्याच्या डोळ्यांत राग होता, बापाकडून वारशात आलेला तोच. "हे काय हाय, अप्पा? कुणी केलं हे?"

शिवशरण दोन पावलं मागं सरकला. अण्णारावांनी त्याचं नाव घेतलं नाही. नंतर घ्यायला अख्खं आयुष्य पडलं होतं.

"पुलाजवळ जो पडलाय..." त्यांनी विचारलं.

"बघितलो. त्याच्यामुळंच बस थांबली हुती. घेऊन गेले त्याला. कुणाचा हाय, कुणाला म्हाईत न्हाई."

भीमण्णाचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत जीपकडं चालता झाला.

"ओ, येणार हाव का थांबणार हाव?" कंडक्टर दारातून ओरडला. "एक त्या पुलानं उशीर केला, एक तुमी."

अण्णारावांनी शिवशरणच्या गाडीकडं एकदा बघितलं आणि पोराचा दंड धरून ते बसमध्ये चढले. सगळी बस त्यांच्याकडं वळून बघत होती. खिडकीजवळ एक म्हातारी बाई बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी. तिच्या शेजारची जागा प्रशांतची असावी. ती सरकली आणि तिघांपुरती जागा करून दिली.

"ह्योच का तुजा बाप?" तिनं विचारलं.

प्रशांतनं मान हलवली.

"मग कामून रडिवलास रं आमाला?" ती वैतागून म्हणाली. "कलबुर्गीपसून मी ह्याच्या पाठीवरून हात फिरवायलेय. समद्या बसला रडिवलं ह्यानं." मग ती अण्णारावांकडं वळली. "सारखं एकच म्हणत हुतं बघा. मी फोन केलो न्हाई, अप्पाला मी फोन केलो न्हाई."

प्रशांतनं मान खाली घातली. बस सुरू झाली. अण्णारावांनी पोराचा दंड अजून सोडला नव्हता.

"मी बी केलो न्हाई," ते म्हणाले.